चहातली साखर सोडली, तरी शुगर का हलत नाही आणि भूक का वाढते?

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. मिस्टर ४८ वर्षांचे, सुताचं दुकान, डायबेटिसला तीन वर्षं झाली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. चार महिन्यांपूर्वी त्यांनी साखर एकदम बंद केली. दिवसातल्या पाच चहांत दोन-दोन स्वीटनरच्या गोळ्या, चहाबरोबर 'शुगर फ्री' बिस्किटं (जी पूर्वी नव्हती), आणि घरात गोडाला साखरेऐवजी गूळ. एवढं करूनही एचबीए१सी (सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ७.९ वरून फक्त ७.७ वर आलं. सकाळी अकरा-साडेअकराला आणि संध्याकाळी पाचला त्यांना कडकडून भूक लागते. शेजारच्या काकूंचं म्हणणं असं, की जिभेला गोड लागलं की शरीर इन्शुलिन सोडतं, पण साखर येत नाही, म्हणून भूक खवळते. स्वीटनरच्या गोळ्या फेका आणि सरळ गूळ घाला. हे खरं का, आणि गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, जत्रेत काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. गोड चवीचा रक्तातल्या साखरेशी संबंध किती, हा एक. गोड चवीचा भुकेशी संबंध किती, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. तुमच्या घरातली अडचण मात्र मला या दोन्हींपेक्षा बिस्किटांत आणि औषधाच्या गोळीच्या वेळेत जास्त दिसते. तिकडे येतेच, पण आधी काकूंच्या म्हणण्याकडे बघू, कारण त्यात थोडं तथ्य आहे.

जिभेवर गोड ओळखणाऱ्या पेशी असतात. तिथून मेंदूला निरोप जातो, आणि मेंदू स्वादुपिंडाला 'अन्न येतंय, तयारीला लाग' असं कळवतो. त्यामुळे पहिल्या दहाएक मिनिटांत, रक्तात साखर पोहोचायच्या आधीच, इन्शुलिनचा एक छोटा हप्ता सुटू शकतो. हे खरं आहे. पण हा हप्ता जेवणानंतर सुटणाऱ्या एकूण इन्शुलिनच्या मानाने फार लहान असतो, प्रत्येकात दिसत नाही, आणि तो फक्त गोडालाच नव्हे तर अन्नाच्या वासाला आणि चावण्यालाही सुटतो. नुसत्या पाण्यात सुक्रालोज किंवा अ‍ॅस्पार्टेम ही स्वीटनर देऊन जे प्रयोग झाले, त्यांत बहुतेकांच्या रक्तातली साखर आणि इन्शुलिन फारसं हललं नाही. म्हणजे 'गोळीमुळे इन्शुलिन उसळतं आणि साखर खाली जाऊन भूक लागते' ही साखळी पहिल्याच कडीला तुटते.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. चवीला अजिबात गोड नसलेलं अन्न रक्तातली साखर खूप वाढवू शकतं. साबुदाणा, पांढरा भात, पोहे, टोस्ट, खारी यांपैकी जिभेला काहीच गोड लागत नाही. पण या सगळ्यांतल्या स्टार्चचं लहान आतड्यात पचून जवळजवळ सगळं ग्लुकोज होतं. साखरेचं तसं नाही. साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज आणि अर्धं फ्रुक्टोज. फ्रुक्टोज बहुतेक यकृतात अडकतं आणि रक्तातलं ग्लुकोज लगेच फारसं वाढवत नाही (यकृतावर चरबी चढवतं, तो त्याचा वेगळा दोष). त्यामुळे ५० ग्रॅम साखरेतून सुमारे २५ ग्रॅम ग्लुकोज येतं, आणि ५० ग्रॅम मैद्याच्या स्टार्चमधून जवळजवळ ५० ग्रॅम. जीभ म्हणजे ग्लुकोमीटर नव्हे, हे एकदा पटलं की बाकीचा हिशोब सोपा होतो.

तो हिशोब तुमच्या घराला लावू. पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, चमचा साधारण ५ ग्रॅमचा. म्हणजे मिस्टरांनी रोजची ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी, सोडली. हे लहान काम नाही, त्यांना त्याचं श्रेय द्या. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला, वरून घातलेली साखर एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवा, असा आहे. ते त्याच्या दुप्पट खात होते. मग एचबीए१सी का हललं नाही? हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, त्यामुळे चार महिन्यांत फरक दिसायलाच हवा होता.

त्या शुगर फ्री बिस्किटांचं पाकीट उलटं करा आणि मागचा तक्ता वाचा. 'साखर ०' किंवा 'वरून साखर घातलेली नाही' ही ओळ सोडून 'एकूण कर्बोदके' ही ओळ बघा. बहुतेक शुगर फ्री बिस्किटांत १०० ग्रॅमला ६० ते ७० ग्रॅम कर्बोदकं निघतात, कारण बिस्किट शेवटी मैदा किंवा कणीक आणि तेलाचंच असतं. मोठं बिस्किट ९-१० ग्रॅमचं धरलं तर एकात ६ ग्रॅमच्या आसपास. तीन बिस्किटं, दिवसातून तीन वेळा, म्हणजे ५५ ग्रॅमच्या घरात. ५० ग्रॅम साखर पुढच्या दारानं गेली आणि तेवढाच स्टार्च मागच्या दारानं आत आला, तोही ग्लुकोजच्या हिशोबानं अधिक जड. तुमच्या पाकिटावरचे आकडे घालून हा गुणाकार स्वतः करा. माझ्याकडे 'साखर सोडली तरी शुगर उतरत नाही' म्हणून येणाऱ्यांच्या डायरीत बहुतेकदा हेच सापडतं.

पाकीट हातात आहे तोवर आणखी दोन गोष्टी बघून घ्या. माल्टोडेक्स्ट्रिन हे नाव दिसलं तर तो गोड न लागणारा पण ग्लुकोजइतक्याच वेगानं चढणारा पदार्थ आहे. माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल दिसलं, विशेषतः शुगर फ्री चॉकलेट आणि मिठाईत, तर साखर काही प्रमाणात त्यानंही वाढते, साखरेपेक्षा कमी इतकंच. शिवाय जास्त खाल्लं तर पोट फुगतं आणि जुलाब होतात. स्वीटनरच्या छोट्या गोळीत भरणीसाठी जे काही असतं ते इतकं कमी असतं की त्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल. पुडीत मात्र साधारण १ ग्रॅम डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असू शकतं. एका पुडीनं काही बिघडत नाही, दिवसाला दहा पुड्या होत असतील तर मोजा.

आता गूळ. काकूंचा हा सल्ला तेवढा बाजूला ठेवा. गुळात साधारण ६५ ते ८५ टक्के साखरच असते, वर थोडं मोकळं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. लोह आणि खनिजं असतात, पण एक-दोन चमच्यांतून मिळणारं प्रमाण नगण्य. लोहासाठी गूळ खायचा म्हटलं तर आधी शुगर बिघडेल. मध आणि खजूर यांनाही हाच न्याय. साखरेऐवजी गूळ घातल्यानं चव बदलते, मीटरवरचा आकडा बदलत नाही. उलट 'गूळ चालतो' म्हणून हात सैल सुटतो, ते मोठं नुकसान.

भुकेचा प्रश्न अवघड आहे, आणि इथे माणसामाणसांत फरक पडतो. खरी साखर आतड्यात पोहोचली की तिथून जीएलपी-१ आणि जीआयपी ही हार्मोन्स सुटतात. ती इन्शुलिन वाढवतात, आणि जीएलपी-१ मेंदूला 'पुरे' असं सांगतं. स्वीटनरनं जिभेला गोड लागतं, पण आतड्यातून हा निरोप माणसात सहसा जात नाही. मेंदूला गोडाची वर्दी मिळते आणि माल पोहोचत नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात ७५ जणांना एकदा साखरेचं, एकदा सुक्रालोजचं आणि एकदा साधं पाणी दिलं. साखरेच्या तुलनेत सुक्रालोजनंतर मेंदूतल्या भूक सांभाळणाऱ्या भागात रक्तप्रवाह वाढलेला दिसला आणि लोकांनी भूकही जास्त सांगितली. काकूंच्या बोलण्यातलं तथ्य ते एवढंच. पण लक्षात घ्या, साखरेच्या पाण्यात कॅलरी होत्या, तेव्हा त्यानं भूक कमी होणारच. ज्या अभ्यासांत लोकांनी काही आठवडे-महिने साखरेच्या जागी स्वीटनर घेतलं, त्यांत एकंदरीत खाणं वाढलं नाही, थोडं कमीच झालं.

२०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्वीटनर वापरू नका, असं सुचवलं. ती बातमी अर्धवट फिरली. ती शिफारस सशर्त होती आणि ज्यांना आधीच डायबेटिस आहे त्यांना त्यातून वगळलं होतं. त्याच वर्षी अ‍ॅस्पार्टेमला 'कर्करोगाची शक्यता असू शकते' अशा गटात टाकलं गेलं, पण रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोला ४० मिलिग्रॅम ही तशीच ठेवली. ७० किलोच्या माणसाला ती २८०० मिलिग्रॅम होते. दिवसाच्या दहा गोळ्या तिच्यापासून फार लांब आहेत. आणखी एक: २०२२ मधल्या एका अभ्यासात सॅकरिन आणि सुक्रालोज दोन आठवडे घेतल्यावर काही निरोगी लोकांचा साखरेला मिळणारा प्रतिसाद बिघडला, तोही आतड्यातल्या जिवाणूंमधून. सगळ्यांचा नाही, काहींचा. म्हणून माझं मत असं, की साखर सोडताना स्वीटनर ही चांगली कुबडी आहे, पण ती कायम बाळगायची नाही. ती कशी सोडायची ते पुढे सांगते.

मिस्टरांच्या भुकेचं कारण स्वीटनरच्या गोळ्यांत असण्यापेक्षा दुसरीकडे असण्याची शक्यता मला जास्त वाटते. तुम्ही लिहिलंय की ते साडेसातला चहाबरोबर औषध घेतात आणि नाश्ता, म्हणजे पोहे किंवा उप्पीट, साडेनऊला करतात. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्शुलिन काढून घेतं, आणि घेतल्यानंतर दोन-तीन तासांत त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. म्हणूनच ते पहिल्या मुख्य खाण्याच्या अगदी आधी किंवा खाण्याबरोबर घ्यायचं असतं. पूर्वी साडेसातच्या चहात १० ग्रॅम साखर होती, तिनं गोळीला थोडं काम दिलं. आता चहात साखर नाही, गोळी मात्र तीच आणि वेळही तीच. त्यावर साडेनऊला पोह्यांची मोठी ताटली, साखर झपाट्यानं वर, आणि मग अकरा-साडेअकराला झपाट्यानं खाली. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं, की खाल्ल्यानंतर दोन-तीन तासांनी साखर जितकी खोल घसरते तितकी नंतरची भूक जास्त आणि पुढचं खाणंही जास्त. तेही डायबेटिस नसलेल्या लोकांत. इथे तर गोळीचा धक्का वर आहे.

अंदाजावर थांबू नका, मोजा. भूक लागेल त्या क्षणी, काही तोंडात टाकायच्या आधी, ग्लुकोमीटर लावा. सकाळच्या भुकेला तीन दिवस, संध्याकाळच्या भुकेला तीन दिवस.

७० च्या खाली आकडा आला तर ही हायपो आहे, म्हणजे साखर धोक्याइतकी खाली गेली आहे. हाताला कंप, घाम, धडधड, चिडचिड असेल तर ती भूक नव्हे, शरीराची हाक आहे. लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर, म्हणजे सपाट तीन चमचे, पाण्यात घालून द्यायची. पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढीच द्यायची. स्वीटनरच्या गोळ्यांचा इथे शून्य उपयोग, आणि चॉकलेट चरबीमुळे हळू चढतं. औषधात व्होग्लिबोज किंवा अकारबोज असेल (प्रिस्क्रिप्शन नीट वाचा, कॉम्बिनेशनच्या गोळीत लपलेलं असतं) तर साधी साखरही कामाची नाही, कारण हे औषध साखर फोडण्याचं कामच अडवतं. तेव्हा ग्लुकोजच हवं. दुकानाच्या गल्ल्यात ग्लुकोजची पुडी कायम ठेवा. असा आकडा एकदाही आला तर डॉक्टरांना कळवा. डोस किंवा वेळ तेच बदलतील, तुम्ही परस्पर बदलू नका.

७० ते १०० च्या दरम्यान आला आणि भूक कडकडून असेल, तर साखर वरून वेगानं खाली येते आहे असा अर्थ असू शकतो. इथे नाश्ता बदलायचा. १८० च्या वर येत असेल तर गोष्ट उलटी. साखर रक्तात आहे, पेशींत शिरत नाही, म्हणून शरीर अन्न मागतंय. अशी भूक बिस्किटानं शमत नाही, आणखी वाढते. आणि १००-१४० मध्ये असेल तर ती सवयीची किंवा पोट रिकामं असल्याची भूक, तिला घाबरायचं कारण नाही.

मोजताना एक चूक फार होते. डाळिंब सोललं, हात कपड्याला पुसला, आणि बोटाला टोचलं. बोटावरचा फळाचा रस थेंबात मिसळतो आणि मीटर २००-२५० सुद्धा दाखवू शकतं. स्पिरिटचा बोळा फिरवून तो नीट निघत नाही. साबणानं हात धुवून, पूर्ण कोरडा करून, बोटाच्या कडेला टोचा, आणि पहिला थेंब पुसून दुसरा वापरा. गुळाला हात लागला असेल तरी हेच. आणखी एक: चांगल्या मीटरलाही १५ टक्क्यांपर्यंतची चूक मान्य असते. १५२ आणि १६५ मधला फरक वाचत बसू नका.

चहाबद्दल शंका असेल तर तीही घरीच फिटेल. एका संध्याकाळी जेवून तीन-साडेतीन तास झालेले असताना मोजा, स्वीटनरचा चहा एकटाच घ्या, एका तासानं परत मोजा. दुसऱ्या संध्याकाळी तोच चहा तीन बिस्किटांसोबत. सकाळी हा प्रयोग करू नका, पहाटेच्या हार्मोनमुळे काही न खाताही साखर चढते आणि दोष चहावर येतो. एका कपात ५० मिली दूध धरलं तर त्यात दुधाची स्वतःची अडीच ग्रॅम साखर असते, तेवढ्यानं आकडा फारसा हलत नाही. बिस्किटांच्या दिवशी मात्र फरक डोळ्यांना दिसेल, आणि मिस्टरांना माझ्या सांगण्यापेक्षा तो आकडा लवकर पटेल.

नाश्त्याचं सांगते. पोहे बंद करायची गरज नाही, पण ताटली उलटी करायची. जाडे पोहे कोरडे मोजून ४० ग्रॅम, त्यात तेवढेच मोड आलेले मूग किंवा मटकी, मूठभर शेंगदाणे, वर कांदा-कोथिंबीर. सोबत दोन उकडलेली अंडी, नाहीतर वाटीभर घट्ट दही. आपल्याकडची कडक भाकरीही नाश्त्याला उत्तम, पण तिच्याबद्दल एक गैरसमज आहे. ज्वारी म्हणजे 'शुगरला चालते' असं नाही. ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत ३४ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतातच. फायदा असा, की तंतू चांगले असतात आणि भाकरी चावून खावी लागते, त्यामुळे वेळ लागतो आणि पोट भरल्याचं कळतं. कडक भाकरी पातळ आणि वजनाला हलकी म्हणून 'चार खाल्ल्या तरी काय' असं होतं. पाणी उडालेलं असतं, पीठ नव्हे. एकदा किचनच्या काट्यावर वजन करून बघा. शेंगा चटणी दोन चमचे, जोडीला वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, एवढं असलं की अकरा वाजताची घसरण बरीच सौम्य होते. शेंगदाणे पोट धरतात, पण १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या पुढे कॅलरी आहेत. गल्ल्यावर बसून येता-जाता मुठी मारायच्या नाहीत.

जेवणाचा क्रम बदलला तरी फरक पडतो. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ-वरण किंवा अंडं-मासा, भाकरी-भात शेवटी. तेच पदार्थ, तेवढेच, फक्त क्रम वेगळा, आणि जेवणानंतरचा आकडा खाली येतो. आधी गेलेले तंतू आणि प्रथिनं जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतात. आपल्याकडे भाजी भाकरीला लावून खातात, तेव्हा काटेकोर क्रम जमणार नाही. पहिल्या पाच मिनिटांत भाकरीला हात लावायचा नाही, एवढं जमवलं तरी खूप झालं. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं. सोलापूरच्या उन्हात दुपारी बाहेर पडवत नाही, तेव्हा दुकानातल्या दुकानात, फोनवर बोलताना फेऱ्या मारल्या तरी चालतात.

आता गोडाची सवय उतरवायची. जीभ शिकते आणि विसरतेही. कमी गोड खात राहिलं की दोन-तीन महिन्यांत तोच पदार्थ अधिक गोड लागायला लागतो. मिस्टरांच्या कपात आत्ता दोन गोळ्या आहेत. पहिले दहा-बारा दिवस दीड, मग एक, मग अर्धी. घाई करू नका, पायरी चुकली की माणूस साखरेवर परत जातो. आलं आणि वेलची वाढवा, वेलचीच्या वासानं कमी गोडही पुरेसं वाटतं. कप लहान करा, आणि पाचातला एक चहा ताकावर न्या, संध्याकाळी पाचचा सर्वांत सोपा. अ‍ॅस्पार्टेमची गोळी असेल तर चहा उकळताना टाकू नका, उष्णतेनं ती फुटते, गोडवा जातो आणि माणूस आणखी एक टाकतो. कपात ओतल्यावरच टाकायची. खीर-बासुंदीसारख्या उकळत्या पदार्थात सुक्रालोज टिकतं.

गुडमार, म्हणजे मधुनाशिनीचा पाला, तुमच्याकडेही कुणीतरी सुचवलाच असेल. ताजं पान नीट चावून थुंका आणि चिमूटभर साखर जिभेवर ठेवा: गोडपणा गायब, नुसती रेती. अर्धा-पाऊण तास असंच राहतं. त्यातली द्रव्यं जिभेवरच्या गोडाच्या जागा अडवून बसतात. संध्याकाळच्या गोडाच्या तल्लफेला काहींना याचा उपयोग होतो. पण त्याची चूर्णं आणि कॅप्सूल ग्लिमेपिराइडच्या जोडीला डॉक्टरांना न सांगता सुरू करू नका, साखर खाली जाण्याची भीती असते.

गड्ड्याचे दिवस. भोगीची बाजरीची भाकरी, खेंगाट भाजी, संक्रांतीची शेंगा पोळी, तिळगूळ. हे सगळं बंद करा असं मी सांगणार नाही, कारण ते कुणी पाळत नाही आणि मग चोरून, अवेळी, रिकाम्या पोटी खाल्लं जातं. रिकाम्या पोटी गोड हीच सर्वांत वाईट वेळ. घरच्या मध्यम शेंगा पोळीत गूळच २५ ते ३० ग्रॅम असतो, वर पारीच्या कणकेची १५-२० ग्रॅम कर्बोदकं. म्हणजे एक पोळी दीड भाकरीच्या जवळ जाते. तेव्हा अर्धी पोळी आणि त्या बदल्यात पाऊण भाकरी कमी, हा व्यवहार. ती जेवणाच्या शेवटी, भाजी-उसळ पोटात गेल्यावर. जेवण झाल्यावरही गोडाला जागा कशी होते, याचं कारण ठाऊक असलेलं बरं: मेंदू प्रत्येक चवीला वेगळा कंटाळतो. तिखटाला 'पुरे' म्हणतो तेव्हा गोड त्याला नवीनच असतं. म्हणून पोळी आधी ताटात अर्धी करून वाढा, डबा टेबलावर ठेवू नका. तिळगुळाचा लाडू साधारण १५ ग्रॅमचा वळा आणि दिवसाला एक. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचा हातात घ्या, तोंडात टाकायची सक्ती नसते.

नंदीध्वजाच्या मिरवणुकीत चालणार असतील तर ही गोष्ट नीट वाचा. ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाच्या दिवशी तासन्‌तास चालणं होतं, जेवणाची वेळ पुढे ढकलली जाते, आणि सकाळची ग्लिमेपिराइड पोटात असते. हायपोला याहून सोयीचा दिवस नाही. त्या दिवशीच्या डोसबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा, न्याहारी करूनच बाहेर पडू द्या, खिशात ग्लुकोजची पुडी आणि मूठभर फुटाणे द्या, आणि सोबतच्या एकाला तरी डायबेटिस असल्याचं सांगून ठेवा. एकादशीलाही हेच. उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर त्यात जवळजवळ नुसता स्टार्च असतो, साखर उंच जाते. भगर थोडी आणि दाण्याची आमटी जास्त, सोबत दही, हे त्यातल्या त्यात बरं. निर्जळी किंवा दिवसभर उपाशी राहायचं असेल तर औषधाचं आधी विचारल्याशिवाय नाही.

डाळिंबाचं तुम्ही शेवटी विचारलंय. दाणे खायला हरकत नाही. १०० ग्रॅम दाण्यांत १२ ते १४ ग्रॅम साखर आहे, पण चावून खावं लागतं आणि बिया पोटात जातात. एक लहान वाटी, जेवणाऐवजी नव्हे आणि जेवणावरही नव्हे, मधल्या वेळेला. रस मात्र नको. एका ग्लासाला दोन-तीन फळं लागतात, साखर ३० ग्रॅमच्या घरात, आणि पिऊन दोन मिनिटांत संपतो. पेयातल्या कॅलरीची पोटाला नीट दखल लागत नाही, म्हणून त्यानंतर जेवण कमी होत नाही.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना नुसता एचबीए१सीचा कागद नेऊ नका. भुकेच्या वेळचे सहा आकडे, नाश्त्याआधीचे आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी घेतलेले तीन दिवसांचे आकडे, आणि गोळी किती वाजता, खाणं किती वाजता, हे एका पानावर लिहून न्या. दोन तासांचा आकडा बऱ्याच जणांसाठी १८० च्या आत हवा असतो. मिस्टरांसाठी किती, ते डॉक्टर ठरवतील. बिस्किटं आजच बंद करा, गोळीची वेळ डॉक्टरांना फोन करून विचारा, आणि पुढचा एचबीए१सी तीन महिन्यांनी करा. भुकेच्या वेळचे आकडे आले की इथेच लिहा, ते बघून नाश्त्याचं आणि संध्याकाळच्या खाण्याचं प्रमाण नेमकं सांगता येईल.